मेंदू, संप्रेरके आणि वार्धक्य : त्यागराजन यांच्या संशोधनाचा मागोवा

माणूस म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते? हाडे ठिसूळ होतात, नजर मंदावते आणि साधा तापही अनेक दिवस हटत नाही. शरीररूपी यंत्राचे सुटे भाग कालांतराने झिजतात, असा याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. शरीरक्रियाशास्त्रातील एका संशोधनधारेने मात्र या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. अवयवांच्या झिजेइतकेच त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या संदेशवहनाचे बिघडणे महत्त्वाचे आहे, असे या धारेचे प्रतिपादन आहे. मेंदू, संप्रेरके स्रवणाऱ्या ग्रंथी आणि रोगप्रतिकार यंत्रणा यांच्यातील संवाद विस्कळीत होणे, हे वार्धक्याचे एक मूळ मानले जाते.

या धारेत सुमारे तीन दशके सातत्याने काम केलेल्या संशोधकांमध्ये श्रीनिवासन त्यागराजन यांचा समावेश होतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठातील प्राणिशरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून चेन्नईजवळील कट्टनकुळत्तूर येथील एसआरएम संस्थेपर्यंत त्यांच्या शोधनिबंधांचा प्रवास झाला आहे. वृद्ध प्राण्याच्या शरीरात थांबलेल्या काही क्रिया पुन्हा सुरू होऊ शकतात का, हा या निबंधांमागील समान प्रश्न आहे. त्याचे उत्तर आशादायक असले, तरी ते सावधपणे वाचावे लागते.

प्रश्नाची पार्श्वभूमी

वार्धक्याचा संबंध ग्रंथींच्या स्रावाशी जोडण्याचा प्रयत्न जुना आहे. पॅरिसमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तरुणपणाचा जोम परत मिळाल्याचे जाहीर केले. हा परिणाम केवळ समजुतीचा होता, असे पुढे मानले गेले. मात्र ग्रंथींमधून रक्तात मिसळणारी काही द्रव्ये दूरच्या अवयवांवर हुकमत चालवतात, ही मूळ कल्पना टिकून राहिली. या द्रव्यांसाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये 'हार्मोन' हा शब्द वापरला. मराठीत त्यालाच संप्रेरक म्हणतात.

यानंतर तीन स्वतंत्र विचारप्रवाह निर्माण झाले. अमेरिकेतील क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये असे दाखवले की, पोषक द्रव्यांची उणीव न ठेवता आहार मर्यादित केल्यास पांढरे उंदीर अधिक काळ जगतात. रॉय वॉलफर्ड यांनी १९६९ मध्ये वार्धक्याचे मूळ रोगप्रतिकार यंत्रणेतील बिघाडात शोधले. मिशिगन राज्य विद्यापीठातील जोसेफ माइट्स आणि त्यांच्या शिष्यांनी मेंदू व पीयूषिका ग्रंथी यांच्यातील संबंधांवर लक्ष केंद्रित केले. आहार, रोगप्रतिकार आणि मेंदू हे तिन्ही धागे त्यागराजन यांच्या कामात एकत्र आलेले दिसतात.

थांबलेले माजाचे चक्र

माइट्स यांच्या गटाचे काम समजून घेण्यासाठी पांढऱ्या उंदराच्या मादीचे उदाहरण उपयोगी आहे. हा प्राणी साधारणपणे दोन ते तीन वर्षे जगतो. तरुण मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते. वयाच्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस हे चक्र अनियमित होते आणि पुढे थांबते. मादी म्हातारी झाली म्हणजे तिचे बीजांडकोश निकामी झाले, असा यातून कोणीही निष्कर्ष काढेल. प्रत्यक्षात तसे नसते. माज थांबलेल्या अनेक माद्यांच्या बीजांडकोशात अंडी शिल्लक असतात. त्यांना मेंदूकडून मिळणारा आदेश मात्र योग्य वेळी येत नाही.

हा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक या छोट्या भागातून निघतो. तेथील चेतापेशी डोपामाइन, नॉरॲड्रेनलिन यांसारख्या रसायनांच्या साह्याने पीयूषिका ग्रंथीवर नियंत्रण ठेवतात. त्यांतील डोपामाइन हे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला आवर घालते. प्रोलॅक्टिनचे प्रमुख काम दुग्धनिर्मितीशी निगडित आहे. वयानुसार अधश्चेतकातील डोपामाइनचा प्रभाव ओसरतो आणि प्रोलॅक्टिनवरील लगाम सुटतो. परिणामी वृद्ध माद्यांच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढते, पीयूषिका ग्रंथीत गाठी होतात आणि स्तनांमध्येही अर्बुदे दिसू लागतात.

हे खरे असेल, तर मेंदूतील रसायनांची उणीव भरून काढल्यावर माज परत यायला हवा. क्वाद्री, क्लेडझिक आणि माइट्स यांनी १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. कंपवाताच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या एल-डोपासह मेंदूवर परिणाम करणारी काही औषधे त्यांनी वृद्ध माद्यांना दिली. माद्यांचे माजाचे चक्र पुन्हा सुरू झाले. शरीराचा जो भाग संपला असे मानले जात होते, तो केवळ गप्प बसला होता, हे या प्रयोगाने दाखवले.

कॅन्ससमधील वर्षे

या प्रयोगातील एस. कलीम क्वाद्री यांनी पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आपली प्रयोगशाळा चालवली. १९९० च्या दशकात त्यागराजन यांची नावावर असलेली महत्त्वाची संशोधने याच गटातून प्रसिद्ध झाली. पुलियूर मोहनकुमार हे या गटातील त्यांचे सहकारी होते.

१९९१ च्या एका निबंधात या तिघांनी इंटरल्युकिन-१ या द्रव्याचा अभ्यास मांडला. हे द्रव्य रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशी तयार करतात. जिवंत प्राण्याच्या अधश्चेतकात ते डोपामाइनचा स्राव वाढवते, असे त्यांना आढळले. मेंदू रोगप्रतिकार यंत्रणेला आदेश देतो, तसाच तीही मेंदूला निरोप पाठवते, याचा हा एक पुरावा होता. १९९४ मध्ये याच गटाने माजाच्या दिवशी मेंदूत स्रवणारी रसायने आणि रक्तातील संप्रेरकांची लाट यांच्या वेळांचा मेळ तपासला. वाढत्या वयाचा या मेळावर काय परिणाम होतो, याची नोंदही त्यांनी केली. संप्रेरकांच्या बाबतीत प्रमाणाइतकीच वेळही महत्त्वाची असते, हा या अभ्यासाचा बोध आहे.

१९९३ मध्ये त्यागराजन, माइट्स आणि क्वाद्री यांनी आहाराचा प्रश्न हाती घेतला. कमी आहार दिलेल्या उंदरांमध्ये स्तनार्बुदे कमी वाढतात, हे आधीपासून ठाऊक होते. पेशींना पोषण कमी मिळते म्हणून असे होते की संप्रेरके घटतात म्हणून, हे स्पष्ट नव्हते. संशोधकांनी कमी आहारावरील प्राण्यांना इस्ट्रोजेन आणि हॅलोपेरिडॉल दिले. हॅलोपेरिडॉल हे डोपामाइनच्या कामात अडथळा आणणारे औषध असल्याने त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढते. आहार कमीच असूनही उपासाने मिळालेले संरक्षण या दोन द्रव्यांमुळे निष्प्रभ झाले. याचा अर्थ अल्पाहाराचा लाभ मोठ्या प्रमाणात संप्रेरकांच्या मार्गाने मिळत होता.

डेप्रेनिलचा प्रयोग

त्यागराजन यांच्या कारकिर्दीत वारंवार येणारे नाव म्हणजे डेप्रेनिल. बुडापेस्टमधील योसेफ क्नोल यांच्या संशोधनातून पुढे आलेले हे औषध सेलेजिलिन या नावानेही ओळखले जाते. डोपामाइनचे विघटन करणाऱ्या विकराला ते रोखते, त्यामुळे मेंदूत असलेले डोपामाइन अधिक काळ टिकते. कंपवाताच्या उपचारात त्याचा वापर होतो. हे औषध दिलेले नर उंदीर अधिक काळ जगले, असा दावा क्नोल यांनी १९८८ मध्ये केल्यानंतर वार्धक्याच्या अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

त्यागराजन, माइट्स आणि क्वाद्री यांचा या औषधावरील निबंध १९९५ मध्ये 'एंडोक्रायनॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माजाचे चक्र थांबलेल्या वृद्ध माद्यांना डेप्रेनिल दिल्यावर त्यांचे चक्र पुन्हा सुरू झाले, रक्तातील प्रोलॅक्टिन घटले आणि स्तन व पीयूषिका या दोन्ही ठिकाणच्या गाठींचे प्रमाण कमी झाले. एकाच औषधाने तीन वेगवेगळ्या भासणाऱ्या तक्रारींवर परिणाम व्हावा, ही यातील लक्षणीय बाब होती. या तिन्ही तक्रारींचे उगमस्थान एकच, म्हणजे मेंदूतील डोपामाइनचा ऱ्हास, असावे या मताला त्यामुळे बळ मिळाले.

१९९८ आणि १९९९ मधील निबंधांत हाच विचार पुढे नेण्यात आला. या वेळी वयोमानाने नव्हे, तर कर्करोगजनक रसायनाने स्तनार्बुदे निर्माण केलेले उंदीर निवडण्यात आले होते. त्यांच्यातही डेप्रेनिलमुळे गाठींची वाढ मंदावली.

मुंबईतील पूर्वसूत्र

स्तनार्बुद आणि संप्रेरके यांच्या संबंधाचा अभ्यास भारतात याआधीच सुरू झाला होता आणि त्यात मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका शास्त्रज्ञेचा मोठा वाटा होता. पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उंदरांमधील स्तनार्बुदे, आनुवंशिक प्रवणता, संप्रेरके आणि अर्बुदकारक विषाणू यांचे परस्परसंबंध अभ्यासले. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

रणदिवे यांचा प्रश्न कर्करोग कोणाला होतो, हा होता. त्यागराजन यांच्या कामात तो वयाच्या अंगाने पुढे आला : आयुष्याच्या उत्तरार्धात तो का वाढतो? गाठ एका अवयवात दिसत असली, तरी तिची पूर्वतयारी संपूर्ण शरीराच्या संप्रेरकीय वातावरणात होत असते, हा दोन्ही कामांमागील समान विचार आहे.

प्लीहेतील चेतातंतू

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यागराजन यांचे काम रोगप्रतिकार यंत्रणेकडे वळले. या टप्प्यातील त्यांचे ज्येष्ठ सहकारी म्हणजे डेव्हिड फेल्टन आणि सुझन फेल्टन. रोगप्रतिकार यंत्रणा स्वयंपूर्ण असून मेंदूपासून अलिप्तपणे काम करते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी १९७५ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून या समजाला धक्का दिला. प्रतिकारशक्ती दडपणारे औषध गोड पाण्यासोबत देण्यात आले होते. पुढे केवळ गोड पाणी दिल्यावरही प्राण्यांचा प्रतिकार मंदावला. मेंदूने शिकलेली गोष्ट प्रतिकार पेशींपर्यंत पोहोचली होती.

ती कोणत्या वाटेने पोहोचते, याचे एक उत्तर फेल्टन दांपत्याने १९८० च्या दशकात दिले. प्लीहा आणि लसिकाग्रंथी यांच्यामध्ये नॉरॲड्रेनलिन स्रवणारे चेतातंतू थेट प्रतिकार पेशींच्या सान्निध्यात संपतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. वृद्ध उंदरांच्या प्लीहेत हे तंतू विरळ होत जातात, असेही या गटाला आढळले. दूरध्वनीच्या तारा तुटल्यावर दोन्ही टोकांची यंत्रे शाबूत असूनही बोलणे थांबते, तशी ही अवस्था होय.

तुटलेल्या तारा पुन्हा जोडता येतील का, या प्रश्नावरील निबंध त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'जर्नल ऑफ न्यूरोइम्युनॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. फिशर-३४४ या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या जातीच्या वृद्ध उंदरांना डेप्रेनिल देण्यात आले. त्यांच्या प्लीहेतील नॉरॲड्रेनलिनयुक्त तंतूंची पुनःस्थापना झाली. त्याबरोबर इंटरल्युकिन-२ या द्रव्याची निर्मिती आणि नैसर्गिक मारक पेशींची क्रियाशीलता वाढली. विषाणूग्रस्त व कर्करोगग्रस्त पेशींचा नाश करणे हे या मारक पेशींचे काम असते. वृद्ध शरीरातील चेतातंतूंमध्ये पुन्हा वाढण्याची क्षमता शिल्लक असते, हा या निबंधाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष म्हणता येईल.

चेन्नईतील प्रयोगशाळा

चेन्नईच्या दक्षिणेकडील कट्टनकुळत्तूर येथे, एसआरएम संस्थेच्या जैवतंत्रज्ञान विभागातील समन्वित वैद्यक प्रयोगशाळेतून २०१० च्या दशकात या संशोधनाचा पुढचा टप्पा प्रसिद्ध झाला. त्यात हन्ना प्रियंका, लालगी हिमा, उदय प्रताप, आर. वसंतरेखा यांसारख्या तरुण संशोधकांचा सहभाग होता. चेतासंस्था, संप्रेरके आणि प्रतिकार यंत्रणा यांच्यातील दुहेरी संवादाचा आढावा त्यागराजन आणि प्रियंका यांनी २०१२ मध्ये एका लेखात घेतला.

या टप्प्यातील पहिला विषय इस्ट्रोजेन हा होता. स्त्रियांमध्ये संधिवातासारखे स्वयंप्रतिकार विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतात आणि रजोनिवृत्तीनंतर आजारांचे स्वरूप बदलते, यामुळे या विषयाला महत्त्व आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इस्ट्रोजेनचा टी-पेशींवर होणारा परिणाम त्याच्या मात्रेवर आणि पेशींवरील ग्राहकांच्या प्रकारावर अवलंबून असतो. इस्ट्रोजेन प्रतिकारशक्ती वाढवते किंवा घटवते, असे सरसकट विधान त्यामुळे करता येत नाही.

त्याच वर्षी या गटाने प्राण्यांकडून माणसांकडे पाऊल टाकले. निरोगी स्त्रियांच्या रक्तातील प्रतिकार पेशी तपासून मासिक पाळीचे टप्पे आणि प्रजननक्षमतेचा उतार यांनुसार त्या कशा बदलतात, याची नोंद करण्यात आली. चेतापेशींच्या वाढीला पोषक ठरणारा घटक, प्रतिऑक्सिडीकारक विकरे आणि पेशींतर्गत संदेशमार्ग यांचाही त्यात समावेश होता. पुरुष आणि स्त्रिया या दोघांमध्येही चेता, संप्रेरक व प्रतिकार या तिन्ही यंत्रणांचे प्रतिसाद वयानुसार कसे घटतात, यावरील निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१७ मध्ये सौम्य स्मृतिदोष आणि अल्झायमरच्या रुग्णांमध्ये स्मृतिचाचणीतील गुण आणि जैवरासायनिक घटक यांचा संबंध तपासण्यात आला होता.

दुसरा विषय पारंपरिक वनस्पतींचा होता. २०१३ च्या एका प्रयोगात ब्राह्मी आणि अल्झायमरवरील डोनेपेझिल हे औषध यांचा परिणाम तरुण व वृद्ध उंदरांच्या प्लीहेतील पेशींवर काचपात्रात तपासण्यात आला. हा परिणाम वयानुसार वेगवेगळा आढळला. बारतोंडी या झाडाचे जवळचे नातलग असलेल्या नोनीच्या फळावरही या प्रयोगशाळेने काम केले. एखादी वनस्पती 'शक्तिवर्धक' आहे असे म्हणण्याआधी ती कोणत्या वयाच्या शरीराला दिली जात आहे, हे विचारले पाहिजे, असे या प्रयोगांवरून सूचित होते. परंपरेतून आलेली वनस्पतीही परीक्षेला अपवाद नाही.

उंदीर आणि माणूस

या सर्व निष्कर्षांचा माणसाच्या उपचारासाठी थेट उपयोग होतो का? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'अद्याप नाही' असेच द्यावे लागते. त्याची कारणे शरीरक्रियाशास्त्रातच आहेत.

पहिले कारण म्हणजे प्रजनन थांबण्याची रीत. उंदराच्या मादीत मेंदूचा आदेश चुकतो आणि बीजांडकोशात अंडी शिल्लक राहतात. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे मुख्य कारण बीजांडकोशातील बीजपुटिकांचा साठा संपणे हे असते. मेंदूतील डोपामाइन वाढवून तो साठा परत मिळत नाही. दुसरे कारण म्हणजे गाठींचे स्वरूप. उंदरांमधील स्तनार्बुदे प्रोलॅक्टिनवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. स्त्रियांच्या स्तनकर्करोगात मात्र इस्ट्रोजेनची भूमिका अधिक ठळक असते. त्यामुळे उंदरात यशस्वी ठरलेले डेप्रेनिल स्तनकर्करोगाचे औषध ठरलेले नाही.

डेप्रेनिलच्या मानवी वापराचा इतिहासही बोलका आहे. अमेरिका व कॅनडा येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत कंपवाताच्या ८०० रुग्णांचा समावेश होता. हे औषध घेणाऱ्यांना एल-डोपा सुरू करण्याची गरज उशिरा भासली. आजाराची मूळ प्रक्रियाच मंदावल्याचा अर्थ प्रथम काढला गेला. औषधाने केवळ लक्षणे कमी झाली असावीत, हे स्पष्टीकरण पुढे अधिक ग्राह्य मानले गेले. १९९५ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत एल-डोपासोबत हे औषध घेणाऱ्यांचे मृत्यू अधिक आढळले. नंतरच्या एकत्रित विश्लेषणांतून त्याला दुजोरा मिळाला नाही, तरी औषधाभोवतीचा उत्साह ओसरला. काही नैराश्यविरोधी औषधे व वेदनाशामकांबरोबर ते घेणे धोकादायक ठरू शकते. तरुण राहण्यासाठी स्वतःहून घेण्याचे हे औषध नव्हे.

कमी झालेले संप्रेरक बाहेरून दिले की काम झाले, हा समजही अपुरा ठरला आहे. अमेरिकेत ५० ते ७९ वर्षे वयाच्या १६,६०८ स्त्रियांवर सुरू असलेली इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या संयुक्त वापराची मोठी चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवण्यात आली. स्तनकर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण संप्रेरके घेणाऱ्या गटात वाढल्याचे दिसून आले होते. रजोनिवृत्तीच्या तीव्र त्रासावर वैद्यकीय सल्ल्याने संप्रेरके आजही दिली जातात. रुग्णाचे वय आणि उपचार सुरू करण्याची वेळ मात्र आता अधिक काळजीपूर्वक पाहिली जाते. मात्रा, वेळ आणि वय यांच्यावर उंदरांच्या प्रयोगांनी दिलेला भर येथे वेगळ्या मार्गाने खरा ठरला.

भारतापुढील प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. तमिळनाडूत हे प्रमाण १०.४ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. ज्येष्ठांची संख्या वाढत असताना त्यांच्या आजारांचा स्वतंत्र विचार करण्याची गरजही वाढली आहे. याबाबतीत चेन्नईने लवकर पावले टाकली. तेथील सरकारी सामान्य रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून १९५४ मध्ये सुरू झालेली अड्यार येथील कर्करोग संस्थाही याच शहरात आहे. मद्रास महानगर कर्करोग नोंदणीच्या आकडेवारीनुसार, १९८० च्या दशकात शहरातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर होता. पुढे स्तनकर्करोगाने त्याला मागे टाकले. उशिरा विवाह, कमी मुले, वाढलेले वजन आणि वाढलेले आयुर्मान यांचा संबंध या बदलाशी जोडला जातो. यांतील बहुतेक कारणे कोणत्या ना कोणत्या प्रकारे संप्रेरकांच्या मार्गाने काम करतात.

या पार्श्वभूमीवर मूलभूत प्राणिसंशोधनाचे मोल लक्षात येते. एखाद्या प्रयोगातून लगेच औषध मिळत नाही. परंतु वृद्धाला वारंवार होणारा संसर्ग, लस घेऊनही मिळणारे अपुरे संरक्षण, रजोनिवृत्तीनंतर बदलणारे आजार आणि उतारवयात दिसणाऱ्या गाठी यांकडे एकत्रितपणे पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते. 'आता वय झाले' या एका वाक्यात हे सारे गुंडाळून ठेवण्याची सवय घराघरांत आहे, तशीच ती कधीकधी दवाखान्यांतही दिसते.

संशोधनाचे महत्त्व

त्यागराजन यांच्या निबंधांतून वार्धक्य टाळण्याचा उपाय सापडलेला नाही. तसा दावाही या संशोधनाचा गाभा नाही. वृद्ध शरीरातील प्रत्येक उणीव कायमची नसते, एवढे मात्र या प्रयोगांनी वारंवार दाखवले. थांबलेले माजाचे चक्र पुन्हा सुरू झाले, विरळ झालेले चेतातंतू पुन्हा वाढले आणि मंदावलेल्या मारक पेशी पुन्हा सक्रिय झाल्या. हे सर्व अवघे दोन वर्षे जगणाऱ्या प्राण्यात घडले. माणसाच्या दीर्घ आयुष्यात त्यातील काय लागू पडते आणि काय नाही, हे ठरवण्यासाठी स्त्री-पुरुषांच्या रक्तपेशींचा संयमाने केलेला अभ्यास आवश्यक असतो. चेन्नईतील प्रयोगशाळेने २०१३ पासून प्रसिद्ध केलेल्या कामाची दिशा हीच आहे.

तारुण्य परत देण्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या, अर्क आणि इंजेक्शने यांच्या जाहिराती ब्राऊन-सेकार यांच्या काळापासून सुरू आहेत. अशी जाहिरात समोर आली की तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, तो कोणत्या वयाचा होता आणि मात्रा किती होती? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर त्या दाव्यापासून दूर राहणे श्रेयस्कर.